कोबीची भाजी : बी परके, रीत घरची

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे नाव निघाले की आधी येमाईचे देऊळ आठवते, आणि तमाशाची जाण असेल तर लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर. कोबीसाठी हे गाव कोणी ओळखत नाही, आणि या प्रकरणाला ते सोयीचेच आहे. घोड नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा मुळात बाजरी, मटकी, हुलग्याचा. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, तोही लहरी. कुकडी प्रकल्पातल्या डिंभे धरणाचे पाणी खाली येऊ लागले, विहिरींचा पाझर वाढला, बोअर झाले, ठिबक आले, तसा या भागात ऊस, कांदा, डाळिंब आले आणि त्यांच्या बांधाला बांध लावून तरकारीही आली. आता थंडीत कोबीचे रान दिसले तर कोणी थांबून पाहत नाही. माल मंचरला जातो, शिरूरला जातो, नाहीतर थेट पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात. बाजरीच्या भाकरीशेजारी कोबीची भाजी येऊन बसली, त्याला इथे फार शतके झालेली नाहीत. तरीही हरभऱ्याची डाळ घालून परतलेल्या या भाजीला ‘आमच्या घरची, आजीच्या पद्धतीची’ म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. हा दावा भाबडा वाटतो, पण माझ्या मते तो बरोबर आहे. फक्त ही परंपरा कशात शोधायची, ते नीट ठरवावे लागेल.

वनस्पतीत शोधली तर काहीच हाती लागणार नाही. कोबीचा रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवरचा. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली या साऱ्या ब्रासिका ओलेरासिया या एकाच जातीतून माणसाने निवडून निवडून काढलेल्या भाज्या आहेत. आपल्याकडे कोबी आला तो युरोपीय लोकांबरोबर: पोर्तुगीजांच्या वसाहतीतून आणि पुढे इंग्रजांच्या छावण्यांतल्या बागांतून. बियाण्यात शोधली तर आणखीच पंचाईत. कोबी हे दोन हंगामांचे पीक आहे. पहिल्या हंगामात तो गड्डा भरतो आणि मग काही आठवडे चांगली, सलग थंडी अंगावर घेतल्याशिवाय त्याला फुलाचा दांडा येतच नाही. शिरूरच्या डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते खरी, पण दुपारी ऊन तापतेच. एवढ्या थंडीवर गड्डा छान भरतो, फूल मात्र धरत नाही. म्हणून कोबीचे बी तयार होते ते कुलू खोऱ्यातल्या कटराईसारख्या ठिकाणी किंवा परदेशात. ‘गोल्डन एकर’ किंवा ‘पुसा ड्रमहेड’सारख्या जुन्या जाती असोत की आजची संकरित वाणे, इथल्या शेतकऱ्याला बी दरवेळी विकतच आणावे लागते. वाल, घेवडा, गवार, दोडका यांचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवता येते आणि सून ते सासूकडून घेते. कोबीचे तसे होणे शक्यच नाही. तेव्हा कोबीत परंपरा असलीच, तर ती रानात नाही. ती चुलीपाशी शोधायला हवी.

चुलीपाशी पाहिले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. हरभऱ्याची डाळ भिजवायची, फोडणीत परतायची, त्यावर पाण्याच्या अंगाची भाजी घालायची, झाकण ठेवून वाफ काढायची आणि शेवटी झाकण काढून कोरडी करायची ही रीत कोबीसाठी निघालेली नाही. पडवळाची भाजी अशीच होते, दोडक्याची होते, दुधीची होते. शेपूत मूगडाळ पडते, पण घडण तीच. या साऱ्या भाज्यांची अडचण एकच: अंगात पाणी भरपूर, चव सौम्य, आणि शिजल्यावर वाटीभरच उरणार. डाळ ती तूट भरून काढते, सुटलेले पाणी पिते आणि दाताखाली काहीतरी देते. कोबीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असते. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा पडवळ-दोडक्याची जागा तयारच होती, त्याला नवी पाककृती शोधावी लागली नाही. पानातही त्याला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. शिजला तर उजव्या बाजूला भाजी म्हणून, आणि कच्चा असला तर डाव्या बाजूला पचडी म्हणून.

यावर पहिला आक्षेप सनातनी बाजूने येतो. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो, कोबी चालत नाहीत. आपल्याकडेही श्राद्धाच्या स्वयंपाकात कारले, गवार, भेंडी, भोपळा यांनाच मान असतो, कोबीला नाही. मग जी भाजी पितरांना चालत नाही, तिला पारंपरिक कसे म्हणायचे? आक्षेप वजनदार दिसतो, पण त्याच यादीतला लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा आहे. कोलंबसाच्या आधी तो आपल्या कोणत्याही पितराने पाहिलेला नव्हता. रोजच्या भाजीतली मिरचीही तिकडचीच. म्हणजे मूळ परके असणे ही अडचण नसते. कोणता परका कधी आत आला आणि आल्यावर त्याला कोणते काम मिळाले, यावर सारे ठरते. विधीची यादी गोठलेली असते, रोजचे पान मात्र वाहते असते. कोबीची परंपरा या रोजच्या पानातली आहे.

आता मुद्द्याचा दुसरा आणि अधिक रोचक भाग. ही रीत कोबीला नुसती लागू पडली असे नाही, ती त्याला बेमालूम जुळली, आणि ती का जुळली याचे उत्तर कोबीच्या रसायनात आहे. कोबी आणि मोहरी एकाच कुळातल्या. या कुळातल्या झाडांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये साठवलेली असतात, आणि त्यांना फोडणारे मायरोसिनेज हे विकर वेगळ्या कप्प्यात. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. किड्याने चावले किंवा विळीने चिरले की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि नाकात झणका आणणारी आयसोथायोसायनेट द्रव्ये तयार होतात. कच्च्या कोबीचा तिखटपणा आणि फेसलेल्या मोहरीचा झणका हे एकाच क्रियेचे फळ. पण शिजलेल्या कोबीचा जो कुबट, सडक्या अंड्याची आठवण करून देणारा वास असतो, तो यातून येत नाही. ते उष्णतेचे काम आहे. कोबी तापत राहिला की त्यातली दुसरी गंधकयुक्त द्रव्ये तुटतात आणि हायड्रोजन सल्फाइड, डायमिथाइल ट्रायसल्फाइड यांसारखे वायू निघतात. जितका वेळ जास्त, तितके ते जास्त. म्हणजे कोबीत दोन वेगवेगळी रसायने चाललेली असतात. एक सुरीचे, दुसरे आचेचे. पहिले क्षणात होते आणि उडूनही जाते. दुसरे सावकाश सुरू होते आणि वाढतच जाते. कोबीची भाजी साधण्याचे सारे कसब हे दुसरे रसायन जोर धरण्याआधी भाजी खाली उतरवण्यात आहे.

आता कृती जरा जवळून पाहू. गड्ड्याची वरची दोन-तीन पाने काढून टाकायची, गड्ड्याचे चार भाग करायचे, धुवायचे ते याच वेळी, चिरल्यानंतर नव्हे. मग विळीवर बसून एकेक चतकोर पात्यावर लोटत न्यायचा. विळीचे पाते जागच्या जागी उभे असते आणि दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. त्यामुळे पानांचे थर दाबून धरता येतात आणि दोरीसारख्या बारीक, लांब, एकसारख्या पट्ट्या पडतात. मधला दांडा जवळ आला की हात आपोआप हळू होतो. तो वेगळा, आणखी बारीक चिरला जातो, कारण तो तेवढ्याच वेळात शिजायला हवा. किसणीवर हे काम झटपट होते, पण किसणी कापत नाही, चेचते. रस खाली गळतो आणि पातेल्यात लगदा पडतो. बारीक चिरण्याचा फायदा उघड आहे. पट्टी पातळ असली की उष्णता तिच्या आत पटकन पोचते आणि भाजी चार-पाच मिनिटांच्या वाफेवर होते. इथे एखादा चिकित्सक वाचक अडवील, की जास्त चिरले तर जास्त पेशी फुटणार, मग झणका वाढणारच. वाढतो, खरे आहे. पण तो सुरीच्या रसायनाचा झणका आहे, तापलेल्या कढईत तो टिकत नाही. त्या बदल्यात आचेवरचा वेळ निम्म्याने कमी होतो, आणि कुबट वास ठरतो तो त्या वेळावर. सौदा फायद्याचा आहे.

डाळ दोन तास आधी भिजत पडलेली असते. कढईत तेल, मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची (गावाकडे बऱ्याच घरांत त्याऐवजी लाल तिखट किंवा काळा मसाला). त्यात निथळलेली डाळ परतायची, पाण्याचा हबका मारून पाचेक मिनिटे झाकायची, आणि डाळ बोटाने दाबल्यावर मोडते पण पीठ होत नाही अशा बेताला आली की मगच कोबी. हा क्रम उलटा केला किंवा दोन्ही एकदम टाकले तर डाळ शिजेपर्यंत कोबी ताटकळतो आणि नेमके आचेचे रसायन सुरू होते. कवठे येमाईसारख्या ठिकाणी तर भिजवण्याला दुसरेही कारण आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते, आणि न भिजवलेली हरभऱ्याची डाळ तासभर शिजूनही कचकच लागते. हॉटेलवाले अशा वेळी खायचा सोडा टाकतात. सोड्याने डाळ मऊ होते, पण कोबीही गिळगिळीत होतो आणि त्याचा वास भडकतो. घरातली बाई संध्याकाळच्या भाजीची डाळ दुपारीच भिजत टाकते आणि तो प्रश्न मिटतो.

कोबी पडला की लगेच मीठ. मीठ पट्ट्यांतले पाणी ओढून काढते. त्या पाण्याची वाफ होते आणि त्याच वाफेत कोबी शिजतो. अर्धा किलो कोबीत साडेचारशे ग्रॅमहून जास्त पाणी आधीच असताना वरून पाणी ओतायचे कारणच नसते. मिठाचे प्रमाण मात्र हात राखून धरायचे. कढईतून वर आलेला ढीग पाच मिनिटांत निम्मा बसतो आणि ढिगाच्या मापाने घातलेले मीठ मग जिभेवर येते. झाकण म्हणून खोलगट ताट, आणि त्या ताटात वाटीभर पाणी. हे पाणी दोन कामे करते. ताट थंड राहिल्याने खालची वाफ तिथे थिजून पुन्हा भाजीवर ठिबकते, म्हणजे कढई कोरडी पडून भाजी लागत नाही. आणि तरीही कमी पडलेच, तर ताटातले तेच कोमट पाणी शिंपडायला हाताशी असते, गार पाण्याने भाजीचा ताव मोडत नाही. चार-पाच मिनिटांनी ताट काढायचे, आच वाढवायची आणि दोन-तीन मिनिटे परतून पाणी आटवायचे. कोबीत शंभर ग्रॅमला तीनेक ग्रॅम साखर असते. पाणी आटले की कढईला टेकलेल्या कडा किंचित तांबूस होतात आणि ती साखर जिभेला कळते. वरून चिमूटभर साखर घालण्याची शहरी सवय मला त्यामुळे अनावश्यक वाटते. लिंबू पिळायचे ते खाली उतरवल्यावर. आंबट आधी पडले तर डाळ शिजायची थांबते आणि कोबीचा हिरवा रंग मळकट होतो.

झाकणाबद्दल एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. युरोपीय पाकशास्त्रात कोबी शिजवताना भांडे उघडे ठेवा असा जुना सल्ला आहे. वास आणणारी द्रव्ये उडून जाऊ द्या, कोंडू नका. तर्क चूक नाही. झाकणाखाली ती द्रव्ये भाजीतच फिरत राहतात. पण तो सल्ला भरपूर पाण्यात, मोठे तुकडे करून, बराच वेळ उकडलेल्या कोबीसाठी आहे. इंग्लंडच्या वसतिगृहांतला उकडलेला कोबी ज्या वासाने बदनाम झाला, तो वास त्या लांबलेल्या वेळाचा होता. आपल्या रीतीत झाकण असते ते वेळ कमी करण्यासाठी, आणि शेवटची मिनिटे भांडे उघडेच असते. जे काही थोडे साठले असेल ते तेव्हा निघून जाते. झाकण ठेवायचे की नाही, यापेक्षा किती वेळ ठेवायचे हा प्रश्न खरा. वीस मिनिटे झाकून ठेवलेली भाजी वाईटच होणार, मग ती कोणाच्याही आजीच्या पद्धतीची असो.

याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायला नको, मेसमध्ये जावे. पुण्यात शिकायला आलेल्या मुलांना कोणती भाजी नकोशी वाटते असे विचारले तर कोबीचे नाव वर येईल. गंमत अशी की जिन्नस तेच असतात: कोबी, डाळ, हळद, मोहरी, मिरची. बदललेले असते ते प्रमाण आणि वेळ. पन्नास जणांचा कोबी रात्रीच चिरून ठेवायचा, मोठ्या पातेल्यात थरावर थर, खालचा जळू नये म्हणून वरून पाणी, वरचा शिजेपर्यंत अर्धा तास, आणि मग जेवणवेळ संपेपर्यंत झाकून गरम. परंपरा जिन्नसांच्या यादीत असती तर मेसची भाजी घरच्यासारखी लागायला हवी होती. तशी ती लागत नाही, यातच माझ्या म्हणण्याची बाजू आहे. डब्याचेही तेच. गरमागरम भाजी स्टीलच्या डब्यात भरून झाकण दाबले की आच नसली तरी रसायन थोडा वेळ चालू राहते आणि निघालेले वायू आतच कोंडतात. कचेरीत डबा उघडल्यावर शेजारचा नाक मुरडतो ते त्यामुळे. भाजी ताटात पसरून दहा मिनिटे निववली आणि मग भरली तर हा प्रसंग टळतो. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घरोघरी पोचवले, आणि त्याचे मोल मोठे आहे. पण वाटी-चमच्याने जिन्नस मोजता येतो, वेळ मोजता येत नाही. वेळ कळतो तो ढीग बसल्याच्या आणि वास फिरल्याच्या खुणेवरून, आणि त्या खुणा शेजारी उभे राहूनच शिकाव्या लागतात.

आता आरोग्याच्या बाजूचे आक्षेप. कोबी कच्चाच खावा, शिजवला की सत्त्व गेले, असे हल्ली आग्रहाने सांगितले जाते. शंभर ग्रॅम कच्च्या कोबीत जीवनसत्त्व क सुमारे पस्तीस मिलिग्रॅम असते, आणि उकडून पाणी ओतून दिले तर त्यातला मोठा भाग त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. आपल्या रीतीत ओतून द्यायला पाणीच नसते. उष्णतेने काही नाश होतो, पण धुपून जाणे थांबते. शिजवल्याने मायरोसिनेज विकर मात्र मरते आणि उपयुक्त मानली जाणारी आयसोथायोसायनेट द्रव्ये तयार होणे थांबते. यावर एक लोकप्रिय उत्तर फिरते, की आपल्या पूर्वजांनी फोडणीत मोहरी घालून ती उणीव भरून काढली. ऐकायला गोड, पण खोटे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले, की शिजवलेल्या ब्रोकोलीवर एक ग्रॅम मोहरीची पूड घालून खाल्ली तर त्यातले सल्फोराफेन शरीराला चौपटीहून जास्त मिळते. पण ती पूड कच्ची होती, वरून घातलेली. कडकडीत तेलात तडतडलेल्या मोहरीतले विकर कोबीतल्या विकराइतकेच मेलेले असते. फोडणीतली मोहरी चवीसाठी आहे, आणि ते कारण पुरेसे आहे. ज्या घरांत कोबीची पचडी करताना मोहरी पाण्यात फेसून, नाकात जाईपर्यंत घोटून दह्यात मिसळतात, तिथे मात्र हे विकर जिवंत असते. तेव्हा ज्यांना ते हवे आहे त्यांनी भाजी सोडू नये, पानाच्या डाव्या बाजूला पचडी वाढावी.

गलगंडाची भीतीही जुनी आहे. १९२८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये चेस्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की प्रामुख्याने कोबीवर पोसलेल्या सशांचे गळे सुजले आहेत. ससे पाळले होते वेगळ्याच रोगाच्या अभ्यासासाठी. कोबीचा हा गुण अपघातानेच उघडा पडला. पण त्या सशांचे पोटच कोबीवर होते. माणूस आठवड्यातून एकदा-दोनदा वाटीभर भाजी खातो, तीही शिजवलेली, आणि मीठ आयोडीनयुक्त असते. थायरॉइडचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारावे, बाकीच्यांनी या सशांचा धसका घेण्याचे कारण नाही. कोबीतला किडा मेंदूत जातो ही दुसरी भीती तर घराघरात आहे. ती अर्धवट खरी म्हणून जास्त चिवट. मेंदूत जाते ते डुकरातल्या फीतकृमीचे पिल्लू. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून मळलेल्या पाण्यावाटे किंवा मातीवाटे कोणत्याही पालेभाजीवर येऊ शकतात. कोबीच्या पानांत जी हिरवी अळी सापडते तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. वाफेवर शिजलेल्या भाजीत ती अंडी तग धरत नाहीत. काळजी घ्यायची ती पचडीची, आणि रस्त्यावरच्या गाडीवर नूडल्सवर भुरभुरल्या जाणाऱ्या कच्च्या कोबीची.

त्या हिरव्या अळीची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी, आणि औषधांना दाद न देण्यात तिचा हात धरणारे कीटक थोडे. डीडीटीला ही अळी पुरून उरते, याची नोंद १९५३ सालीच जावा बेटावरून झाली. ज्या झणक्याने बाकीचे किडे पळतात, त्याच झणक्याच्या मागावर हा पतंग कोबी शोधत येतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने याचाच उपयोग केला. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायच्या. पतंग मोहरीवर जास्त ओढला जातो, अंडी तिथे घालतो, आणि फवारणी मुख्यतः त्या दोन ओळींवर भागते. कढईत भेटणाऱ्या या दोन नातेवाइकांना रानात शेजारी ठेवण्याची ही शिफारस जितकी पाळली जायला हवी तितकी पाळली जात नाही, कारण भाव चांगला असला की शेतकरी दोन ओळींची जागा सोडायला राजी नसतो आणि भाव पडला की फवारणीच काय, काढणीही परवडत नाही. उभ्या कोबीत मेंढ्या सोडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड. हे सारे पश्चातबुद्धीचे समर्थन नाही कशावरून? कोणतीही रूढी घ्या आणि तिला शास्त्रीय कारण चिकटवा, हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. म्हणूनच मी दावा मर्यादित ठेवला आहे. आजीला मायरोसिनेज माहीत होते असे मी म्हणत नाही. ही रीत कोबीसाठी रचली गेली असेही नाही, ती पडवळ-दोडक्यासाठी होती. म्हणणे इतकेच, की नव्या भाजीवर ती लागू केल्यावर जिथे वास आला ते बदल टिकले नाहीत आणि जिथे आला नाही ते टिकले. निवड नाकाने केली. हा दावा तपासताही येतो: वेळ वाढवा, पाणी ओता, क्रम उलटा करा, भाजी बिघडते. फोडणीतल्या मोहरीचे आरोग्यगुण या तपासणीत टिकत नाहीत हे वर आलेच. हिंगाने कोबीचा आणि डाळीचा वायू सरतो, या समजाचा पुरावाही मला तोकडाच वाटतो. वायू होतो तो रॅफिनोज जातीच्या शर्करांमुळे, आणि त्यांना चिमूटभर हिंग काय करणार. डाळ भिजवून ते पाणी टाकून दिले तर मात्र त्या शर्करांचा काही भाग खरोखर निघून जातो.

राहता राहिला हंगाम. आता संकरित वाणांमुळे कोबी बारा महिने मिळतो, पण बारा महिने तो सारखा नसतो. थंडीत वाढलेल्या गड्ड्यात साखर जास्त आणि झणका कमी. उन्हात, पाण्याच्या ताणात वाढलेल्या गड्ड्यात नेमके उलटे. शिरूरकडच्या रानातला कोबी खावा तो मार्गशीर्षापासून माघापर्यंत. गड्डा आकाराच्या मानाने हाताला जड लागला पाहिजे आणि दाबल्यावर दबता कामा नये. उन्हाळ्यातला घेतलाच, तर डाळ मूठभर वाढवा, आणखी बारीक चिरा आणि ताट एक मिनिट आधी काढा.